बर्लिनचे सामाजिक प्रश्न आणि पत्रपेटीवरचे नाव

नाशिकहून आलेला प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: मुलीला बर्लिनच्या एका विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाला असून ऑक्टोबरमध्ये तिला तिथे जायचे आहे, पण भुयारी रेल्वेच्या स्थानकांत झोपलेली माणसे, उघड्यावर नशा करणारे तरुण, थर्टीफर्स्टच्या रात्री पोलिसांवर आणि अग्निशामक दलावर फेकलेले फटाके, अशा चित्रफिती पाहून घरची मंडळी धास्तावली आहेत. हे सारे बाहेरून आलेल्या लोकांमुळे झाले असे सांगितले जाते, ते खरे आहे का, आणि एकट्या मुलीने तिथे राहावे का, असे आपण विचारले आहे. मग शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे: महिना 750 युरोंत एक खोली मिळते आहे, मालक फक्त ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, करू देणार नाही म्हणतो, तेवढे चालून जाईल ना?

माझ्या मते आपल्या काळजीचा क्रम उलटा लागला आहे. चित्रफितींमधल्या गोष्टी खोट्या नाहीत आणि त्यांच्याकडे मी पुढे वळणारच आहे. पण वाचताना मला धास्ती वाटली ती त्या शेवटच्या ओळीची. मी 2006 पासून बर्लिनमध्ये राहते आणि त्यांतली 14 वर्षे नॉयकोल्न भागातल्या एका सल्लाकेंद्रात भाडेकरू, नव्याने आलेले विद्यार्थी, कर्जात अडकलेली कुटुंबे आणि घर गमावलेली माणसे यांच्यासाठी काम करते आहे. येणाऱ्याची तक्रार मुलाच्या शाळेची असो, नोकरीची, व्हिसाची किंवा नवऱ्याच्या मारहाणीची असो, तासाभराने आमचे बोलणे घरापाशी येऊन अडते. म्हणून आधी घराचे सांगते. बाकीचे प्रश्न त्याच खुंटीला टांगलेले आहेत.

जर्मनीत इमारतीतल्या सदनिकांना सहसा क्रमांक नसतात. टपाल पोहोचते ते रस्त्याचे नाव, इमारतीचा क्रमांक आणि पत्रपेटीवरचे आडनाव यांच्या आधाराने. आमच्या भागातल्या जुन्या इमारतीच्या दारातून आत गेले की भिंतीवर वीस-पंचवीस पत्र्याच्या पेट्या दिसतात. काहींवर मालकाने बसवलेली नीट कोरलेली पट्टी असते, आणि काहींवर चिकटपट्टीने लावलेले कागदाचे तुकडे, त्यांवर निळ्या पेनाने लिहिलेली चार-पाच आडनावे, त्यांतले एखादे नखाने खरवडलेले. ते खरवडलेले नाव ज्याचे असते त्याचा विम्याचा कागद, बँकेचे पिनचे पाकीट, कधी न्यायालयाची नोटीससुद्धा त्या पेटीपर्यंत येऊन परत गेलेली असते. समोर बसलेल्या माणसाला मी उत्पन्न नंतर विचारते. आधी विचारते, ‘पेटीवर तुमचे नाव आहे का?’

आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी, असा कायदा आहे, आणि तिच्यासाठी घर देणाऱ्याने सहीचा एक कागद द्यायचा असतो. तो देणे हा त्याचा उपकार नसून त्याच्यावरचे कायद्याचे बंधन आहे. या नोंदीवरून करक्रमांक मिळतो, राहण्याचा परवाना वाढवून घेताना ती लागते, आणि बँका, विमा कंपन्या व अर्धवेळ नोकरी देणारे तिच्याविषयी विचारतात. मालक ती नाकारतो, त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की तो मालकच नाही. तो स्वतः भाडेकरू आहे, मूळ मालकाला न विचारता त्याने खोली पुढे दिली आहे, आणि पकडले गेल्यास घर जाईल ते आधी त्याचे आणि त्याच दिवशी आपल्या मुलीचे. क्वचित खरीखुरी अडचण असू शकते, हे मान्य करते. पण ती काय आहे ते त्याने लिहून सांगावे.

पैशांचा हिशेबही करून पाहा. विद्यार्थी व्हिसासाठी अडकवून ठेवलेल्या खात्यातून सध्या दरमहा 992 युरो काढता येतात. त्यातून 750 भाड्याला आणि सुमारे 150 विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्याला गेले, तर जेवणाखाण्याला, फोनला आणि प्रवासाला शंभराच्या आत उरतात. मग मुले पाठीवर चौकोनी पिशवी लावून सायकलवर जेवणाचे डबे पोहोचवू लागतात. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, आणि कायदेशीर कंत्राट असेल तर या कामात काही वाईट नाही. परंतु ज्याची पत्त्याची नोंद नाही त्याला करक्रमांक वेळेवर मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर, मधल्या कंत्राटदाराच्या हाताखाली, रोख पैशांवर काम करतो. आणि महिनाअखेरीस ते पैसे मिळाले नाहीत तर दाद मागायला त्याच्याकडे एकही कागद नसतो. विदर्भातला एक मुलगा मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे आला होता. तीन खाटांच्या खोलीत चौथा म्हणून तो राहत होता, दोन महिन्यांची मजुरी बुडाली होती, आणि आईला मात्र त्याने सांगितले होते की वसतिगृह छान आहे. बर्लिनमध्ये अलीकडे भारतीय विद्यार्थी झपाट्याने वाढले आहेत, त्यामुळे ही कहाणी आता मला नवी वाटत नाही.

आता मोठ्या प्रश्नाकडे. एवढ्या श्रीमंत देशाच्या राजधानीत घर का मिळत नाही? बर्लिनमध्ये पाचांपैकी चारांहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात, त्यामुळे भाडे वाढले की ते जवळजवळ सगळ्या शहराचे वाढते. शहराचे दोन तुकडे करणारी बर्लिनची भिंत पडल्यावर लोक प्रचंड संख्येने येतील असा अंदाज होता आणि तो फसला. कारखाने बंद पडले, 1990 च्या दशकात लोक उलट बाहेर गेले आणि लाखाच्या वर घरे रिकामी पडली. 2001 मध्ये राज्याच्या (बर्लिन शहर हेच एक राज्यही आहे) मालकीच्या बँकेचा घोटाळा उघड झाला आणि शहर कर्जात बुडाले. ‘गरीब, पण मादक’ असे आपल्या शहराचे वर्णन महापौर क्लाउस वोवेराइट यांनी 2003 साली केले, ते याच काळातले. तिजोरी भरण्यासाठी 2004 मध्ये शहराने जी.एस.डब्ल्यू. ही आपली गृहसंस्था सुमारे 65,000 घरांसह अमेरिकी गुंतवणूकदारांना 40.5 कोटी युरोंना विकली. खरेदीदारांनी संस्थेचे कर्जही अंगावर घेतले, हे न्यायाने सांगायला हवे. पुढे ती घरे शेअर बाजारात गेली आणि एका कंपनीकडून दुसरीकडे फिरत राहिली. मग 2021 मध्ये त्याच शहराने मोठ्या कंपन्यांकडून 14,750 घरे विकत घेतली, तेव्हा मोजले 240 कोटींहून अधिक युरो. घरे पूर्वी विकलेल्यांच्या चौथ्या हिश्श्याइतकीही नव्हती. हे आकडे मी शिकाऊ कार्यकर्त्यांना पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दाखवते.

मधल्या काळात लोकसंख्या पुन्हा वाढू लागली, 2011 नंतरच्या दहा-बारा वर्षांत तीन लाखांहून अधिक माणसे वाढली, आणि बांधकाम मागे पडले. त्यातही लोकांची मने दुभंगलेली आहेत. टेम्पेलहोफचा जुना विमानतळ 2008 मध्ये बंद झाला. त्या तीनशेहून अधिक हेक्टर मैदानाच्या कडेला घरे बांधायची योजना होती, ती 2014 च्या सार्वमताने लोकांनी फेटाळली. मी स्वतः तेव्हा मैदान वाचवण्याच्या बाजूची होते आणि संध्याकाळी तिथे फिरताना अजूनही ते बरोबर वाटते; सकाळी कामावर बसले की तितकेसे वाटत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. 2015 पासून ‘मीटप्राइसब्रेम्से’ म्हणजे भाड्याचा ब्रेक लागू आहे: नवीन करार करताना भाडे त्या भागातल्या तशाच घरांच्या तौलनिक भाड्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वर नेता येत नाही. ही मुदत आता 2029 अखेरपर्यंत वाढवली आहे. पण 1 ऑक्टोबर 2014 नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरे यातून वगळली आहेत, पूर्ण नूतनीकरण केलेल्या घराचे पहिले भाडे वगळले आहे, आणि तात्पुरत्या वापरासाठी दिलेली घरेही वगळली आहेत. म्हणून जाहिराती उघडल्या की दिसते ते असे: एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या, मुदत अकरा महिने, भाडे दुप्पट. शिवाय नियम मोडला असला तरी आपोआप काही होत नाही. भाडेकरूने स्वतः लेखी हरकत घ्यावी लागते. नुकतेच घर मिळालेला माणूस पहिल्याच महिन्यात मालकाला हरकतीचे पत्र कसा पाठवील?

याहून धीट प्रयोग 2020 चा. ‘मीटेनडेकेल’, म्हणजे शब्दशः भाड्यावरचे झाकण, असा कायदा बर्लिन राज्याने केला आणि 2014 पूर्वी बांधलेल्या घरांची भाडी जून 2019 च्या पातळीवर गोठवली. एप्रिल 2021 मध्ये संघराज्याच्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला. कारण असे की भाड्याविषयी कायदा करायचा अधिकार केंद्राने आधीच वापरला होता, राज्याला तो उरलाच नव्हता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यात रांग लागली. कमी दिलेल्या भाड्याचा फरक मालक परत मागणार होते. ‘वाचलेले पैसे बाजूला ठेवा’ असे आम्ही वर्षभर सांगत होतो, पण ज्यांचे भाडे खरोखरच डोईजड होते त्यांनी त्या पैशांत मुलांचे बूट घेतले होते. राज्याने बिनव्याजी कर्जाची सोय केली, काहींनी ते घेतलेही. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला सार्वमत झाले: तीन हजारांहून अधिक घरे असलेल्या कंपन्यांची घरे मोबदला देऊन समाजाच्या मालकीची करावीत का? सुमारे 59 टक्क्यांनी ‘होय’ म्हटले. 2023 मध्ये तज्ज्ञ समितीने हे कायद्यात बसू शकते, असे मत दिले. घरे मात्र होती तिथेच आहेत. जाता जाता सांगते, त्या एकाच दिवशी संसदेची निवडणूक, राज्याची निवडणूक, हे सार्वमत आणि मॅरेथॉन असे सगळे ठेवले होते. मतपत्रिका संपल्या, गोंधळ झाला आणि राज्याची निवडणूक 2023 मध्ये पुन्हा घ्यावी लागली. बर्लिनच्या कारभाराची कल्पना यावी म्हणून एवढे पुरे.

या सगळ्याचा परिणाम असा की शहरात दोन बाजार तयार झाले. ज्यांच्याकडे जुना करार आहे ते तो सोडत नाहीत. मुले घराबाहेर गेलेली वृद्ध बाई चार खोल्यांत एकटी राहते, कारण दोन खोल्यांच्या नव्या घराला तिला जास्त भाडे पडेल; आणि तिच्याच मजल्यावर समोर चार माणसांचे कुटुंब एका खोलीत राहते. कुणाचीच चूक नाही, पण दार कुणालाच उघडता येत नाही. सोडून जाणारा भाडेकरू स्वयंपाकघराची जुनी कपाटे आणि शेगडी नव्या माणसाला भरमसाट किमतीला विकतो. मुंबईकरांना पागडीची आठवण होईल.

आता बेघर माणसे. 29 जानेवारी 2020 च्या रात्री बर्लिनमध्ये प्रथमच रस्त्यावरच्या माणसांची मोजणी झाली आणि 1,976 जण मोजले गेले. न सापडलेले असणारच. पण त्यांच्या कितीतरी पट माणसे सरकारी निवाऱ्यांत राहतात. त्यांची संख्या हजारांत नव्हे, दहा-दहा हजारांत मोजावी लागते, आणि ती कोणत्याही चित्रफितीत येत नाहीत, कारण ती सकाळी उठून कामाला आणि शाळेला जातात. रस्त्यावरच्यांत पोलंड, रुमानिया, बल्गेरिया अशा देशांतून मजुरीला आलेल्यांचा मोठा वाटा आहे. युरोपीय नागरिक म्हणून त्यांना इथे राहता येते, पण काम नसेल तर पहिली पाच वर्षे निर्वाहभत्ता सहसा मिळत नाही, अशी तरतूद 2016 च्या अखेरीस झाली. बांधकामावरची खोली कामाबरोबर जाते, मग थंडी, मग दारू. आपण पाहता ते चित्र या साखळीच्या शेवटच्या कडीचे आहे.

घर जाते कसे, तेही सांगते. दोन महिन्यांचे भाडे थकले की मालक तात्काळ करार संपवू शकतो. दावा दाखल झाल्याचे कागद हाती पडल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी भरली तर ती तात्काळ नोटीस रद्द होते, आणि सरकारी मदतीने ती भरताही येते. मात्र हुशार वकील त्याच पत्रात दुसरी, नेहमीच्या मुदतीची नोटीसही देतो, आणि ती पैसे भरूनही आपोआप रद्द होत नाही. लोक सुटकेचा निःश्वास टाकून येतात आणि मला त्यांना दुसरा परिच्छेद वाचून दाखवावा लागतो. अशी नोटीस आलेले निम्मे लोक तर पाकीट न फोडताच ठेवून देतात, असा माझा अनुभव आहे. भीतीचे ते साधे रूप आहे.

स्थलांतरितांविषयी माझे उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नाही. 13 ऑगस्ट 1961 ला भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून रोज येणारे हजारो कामगार पश्चिम बर्लिनच्या कारखान्यांना एका रात्रीत तुटले. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार झाला. आलेल्यांना घरे मिळाली ती भिंतीलगतच्या क्रॉइत्सबर्गमधल्या, पुढेमागे पाडायच्या म्हणून दुरुस्ती थांबवलेल्या इमारतींत. पुढे 1975 मध्ये शहराने परदेशी लोकांना क्रॉइत्सबर्ग, टियरगार्टन आणि वेडिंग या भागांत नव्याने राहायला जाण्यास बंदी केली. आधी एका कोपऱ्यात लोटायचे आणि मग कोपरा भरला म्हणून दार लावायचे, असा तो प्रकार. दोन पिढ्यांनंतर त्याच आडनावाची मुलगी घरासाठी अर्ज करते तेव्हा तिला कमी उत्तरे येतात. 2017 साली पत्रकारांनी जर्मन आणि परदेशी वाटणाऱ्या नावांनी दहा मोठ्या शहरांत हजारो चौकशीपत्रे पाठवून हे दाखवून दिले.

2022 च्या थर्टीफर्स्टला नॉयकोल्नमध्ये जे झाले ते घृणास्पद होते. रुग्णवाहिकेवर रॉकेट सोडणाऱ्या पोरांचे मी समर्थन करणार नाही. त्यांतल्या काहींच्या आया माझ्याकडे येतात आणि त्याही करत नाहीत. पण त्यानंतर शहराच्या संसदेत जर्मन नागरिक असलेल्या संशयितांची पहिली नावे काय, असा प्रश्न विचारला गेला, तेव्हा इथे जन्मलेल्या कितीतरी मुलांना कळले की पासपोर्ट पुरेसा नसतो. याउलट एक उदाहरण देते. नॉयकोल्नच्या र्‍युटली शाळेतल्या शिक्षकांनी 2006 मध्ये ‘आम्हाला हे झेपत नाही’ अशा अर्थाचे पत्र लिहिले आणि देशभर गदारोळ झाला. पुढे पैसा, माणसे आणि चिकाटी लावून तिथे बालवाडीपासून वरच्या वर्गांपर्यंत एकत्र शाळा उभी राहिली. आज तिची नालस्ती कुणी करत नाही. मुले त्याच वस्तीतली होती. फरक एवढाच की वस्तीचे नाव सुधारले तशी आसपासची भाडी चढली, आणि ज्यांच्यासाठी शाळा सुधारली त्यांतल्या काहींना शहराच्या कडेला जावे लागले.

इथवरचे थोडक्यात: आपण पाहिलेली दृश्ये खरी आहेत, त्यांची मुळे बरीच जुनी आहेत आणि त्यांतली बहुतेक घराच्या टंचाईत गुंतलेली आहेत, पण त्यांचा आपल्या मुलीच्या रोजच्या आयुष्याशी संबंध कमी, आणि त्या नोंदीविना खोलीचा संबंध फार जास्त आहे.

सुरक्षिततेचे उत्तर वेळेवर, रस्त्यावर आणि माणसाच्या सवयीवर अवलंबून आहे. कोटबुसर टोर आणि हेर्मानप्लात्स या स्थानकांवर नशा करणारी माणसे दिसतात, गोर्लित्सर पार्कमध्ये विक्रेते उभे असतात. मी रात्री अकराला हेर्मानप्लात्सहून घरी जाते. पाकीट आतल्या खिशात ठेवते, कानात गाणी लावत नाही, पण वाट बदलत नाही. माझ्यासारख्या सरावलेल्या बाईचे हे झाले. नवख्या मुलीने पहिले काही महिने रात्रीचा प्रवास सोबतीने करावा. गोऱ्या नसलेल्या माणसाला शहराच्या पूर्व कडेच्या काही भागांत शेरे ऐकावे लागतात, हेही लपवत नाही. मला ते दोनदा ऐकावे लागले, आणि दोन्ही वेळा अनोळखी जर्मन बाईच मध्ये पडली.

भाग कोणता निवडावा, यापेक्षा करार कसला आहे ते पाहा. विद्यार्थी वसतिगृहासाठी आजच अर्ज करा. प्रतीक्षायादी लांब असते, पण दुसऱ्या सत्रात नंबर लागू शकतो. तोवर तीन-चार महिन्यांची, नोंद होणारी, वाटून घेतलेल्या घरातली खोली शोधा, मग ती श्पान्डाऊला किंवा मार्त्सानला असली आणि विद्यापीठाला जायला पाऊण तास लागला तरी चालेल. रेल्वे चांगली आहे. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, तीही तीन हप्त्यांत देता येते. खोली पाहिल्यावाचून, किंवा ओळखीच्या माणसाने ती प्रत्यक्ष पाहिल्यावाचून, एक युरोही पाठवू नका. ‘मी परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल’ असे लिहिणारा माणूस चोर असतो, आजवर मला तरी अपवाद दिसलेला नाही. पोहोचल्यावर भाडेकरू संघटनेचे सभासद व्हायला सांगा. वर्षाची वर्गणी एका वकिलाच्या भेटीहून स्वस्त पडते.

आणि त्या 750 युरोंच्या खोलीविषयी. मालकाला तिनेच एक ओळ लिहून विचारू दे: ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ (नोंदीसाठी लागणारा तो सहीचा कागद) मिळेल का, आणि पत्रपेटीवर माझे नाव लावता येईल का? उत्तर ‘नाही’ आले, किंवा ‘नंतर बघू’ आले, तर ती खोली 450 ला दिली तरी घेऊ नका.